टाकीत कंदील सोडायचा नाय

मला त्या गोबरगॅसचं भ्या पहिल्या दिसापासूनच व्हतं. लेक म्हणला, "माय, आता चुलीम्होरं बसून डोळे फोडून घ्यायचे नाय. गोठ्यातल्या शेणावर सैपाक व्हईल."

मी म्हणलं, "शेणावर सैपाक मी जल्मभर करत आले. गवऱ्या काय लाकडाच्या असत्यात का?"

तो हसला. म्हणला, "तसं नाय गं. शेण जमिनीखाली सडू द्यायचं, त्याचा गॅस नळीनं घरात आणायचा."

आमचं घर बिडकीनच्या अंगाला, गावापासून उलीसं बाजूला, मळ्यात हाय. थोडी मोसंबीची झाडं, बाकी कापूस आन् तूर. दोन गायी, एक म्हैस. लेक वाळूजला कंपनीत जातो, शिफ्टची बस फाट्यावर येती. माझे मालक जाऊन लई सालं झाली. घरात मी, लेक आन् सून, बस.

गोठ्यामागं मिस्त्रीनं मोठा खड्डा खणला, आत इटांचा घुमट बांधला आन् वरून माती लोटली. एका अंगाला शेण कालवून वतायचं टाकं. दुसऱ्या अंगाला सडलेला काला बाहेर यायला खोल चौकोनी हौद, त्याच्यावर शहाबादी फरश्या. हौदाच्या तळाला एक भोक ठिवलं, माणूस वाकून जाईल एवढं. ते थेट घुमटात निघतं.

मी मिस्त्रीला तव्हाच इचारलं, "हे भोक कशापायी?"

"कधी आत जायचं काम पडलं तर, मावशी."

"आत काऊन जायचं?"

"जायचं नाय. नुसतं सांगून ठिवतो."

जायचं नाय तर भोक काऊन ठिवलं, हे काय त्यानं सांगितलं नाय. मी बी मंग इचारलं नाय. पण त्या भोकावर माझं ध्यान राहिलं.

खोटं कशाला बोलू, गॅसनं सुख बी दिलं. धूर गेला. माझी खोकल्याची उबळ कमी झाली. पऱ्हाट्या म्हंजी कापसाची वाळलेली झाडं, ती मोडून मोडून हाताला घट्टे पडले व्हते, ते बी मऊ झाले. पण ती चूल मी कव्हा पेटवली नाय. सुरवातीलाच सुनेनं एकदा कॉक फिरवला आन् मंग काडीपेटी हुडकत बसली. काडी वढली की भप्प! भिवया जळाल्या, म्होरचे केस जळाले. कोंबडीची पिसं भाजल्यावाणी वास सुटला घरभर.

लेक आला तर म्हणतो कसा, "बरं झालं तुला मिशा नव्हत्या."

ती म्हणली, "तुमाला हायत ना? उद्यापासून तुमीच पेटवा."

हसले दोघं. मी हसले नाय. तवापासून काडी आधी वढायची आन् मंग कॉक फिरवायचा, असा रिवाज पडला. आन् ती पेटवायची तव्हा मी आपली आंगणात जाऊन उभी राहायची. जाळ लागला की आत.

मंग ती मोसंबीची गळ आली.

त्या साली पाऊस उघडलाच नाय. झाडांच्या बुडाला पाणी तुंबलं आन् हिरवी फळं पटापटा गळाया लागली. सकाळी उठून बघावं तर झाडाखाली पाय ठिवाया जागा नाय. व्यापारी तसल्या मालाकडं बघत बी नाय. आमी ती गोळा करून बांधाला ढीग लावला. ढीग सडला, चिलटं उठली, वास घरात याया लागला. दर साली आमी गळीचा माल खड्डा करून पुरायचो. पण लेकाला कंपनीत कुणीतरी सांगितलं का सडक्या फळाचा, भाजीपाल्याचा लई गॅस व्हतो.

तो पाटीनं मोसंबी आणून टाक्यात वतायला लागला. शेण कमी आन् मोसंबी जास्त.

मी म्हणलं, "आरं, गायीला लई मोसंबी घातली का गाय पातळ हगती. ह्या पोटाला चालंल का?"

"माय, ते सिमेटाचं पोट हाय."

मला बी काय ठाऊक नव्हतं. बोलायचं म्हणून बोलले आन् गवत कापाया गेले.

पहिल्यांदा जाळ असा उठला का सून म्हणली, भाकरी तव्यावर टाकायच्या आत भाजती. लेक मिशीवर हात फिरवीत हिंडला. मंग जाळ पिवळा पडला. मंग नाचाया लागला. मंग एक दिस काडी लावली तर निस्तं फुस्स, आन् काडीच विझली. हौदातल्या काल्याला आंबलेल्या ताकासारखा वास. लेकानं मिस्त्रीला फोन लावला. तो पार अजिंठ्याकडं कुठं दुसऱ्या टाकीच्या कामाला गेलता. म्हणला, टाकी आंबली. चुना टाका. चुना टाकला. ढवळलं. काय फरक नाय. परत फोन लावला तर म्हणला, मंग उपसावी लागंल, सगळं काढून नवं शेण भरावं लागंल. पण मी येईस्तोवर आत कुणी उतरू नका.

लेकाला सुट्टी त्याच हप्त्यात मिळाली व्हती. मिस्त्रीचं काय खरं नव्हतं. शेणाचा ढीग वाढत चालला व्हता. पऱ्हाट्या भिजलेल्या, घरात धूर मावत नव्हता, मी परत खोकाया लागले व्हते. लेकाला तेच बघवत नव्हतं, मला समजत व्हतं. तो माझ्यापायीच उतरणार व्हता.

म्हणला, "चूल पेटत नाय म्हंजी गॅस नाय. गॅस नाय तर भ्या कशाचं?"

पण मला दुसरंच भ्या व्हतं, आन् ते जुनं व्हतं.

मी लहान व्हते, परकर नेसायचे. मपला थोरला भाऊ जुनी इहीर साफ कराया उतरला व्हता. इहीर कोरडी, वर झाडझाडोरा वाढलेला, कैक सालं कुणी उतरलेलं नाय. मी भाकरी घेऊन गेल्ते. काठावरून बघितलं तर तो तळाला बसलेला, पाठ दगडाला टेकलेली, जसा दमून बसलाय. मी हाक मारली. त्यानं वर बघितलं नाय. शेजारचा एकजण म्हणला, झोपला काय रं, आन् त्याला उठवाया म्हणून उतरला. तो पायऱ्यांच्या निम्म्यातूनच खाली घसरला. आवाज नाय, वरडणं नाय. दोघं तसेच बसलेले. नंतर कुणीतरी जाणतं माणूस आलं, त्यानं कंदील पेटवून दोरानं खाली सोडला. अर्ध्यात गेला आन् कंदील विझला. तो म्हणला, हवा मेलीय खाली. आता कुणी उतरू नका.

कंदील आधी सोडला असता तर भाऊ राहिला असता. हे मी जल्मभर धरून बसले. कुठं इहिरीचं काम निघालं का मी आधी इचारायचे, कंदील सोडला का?

म्हणून मी लेकाला म्हणलं, "उतरायचंच आसंल तर काकाला बोलीव. कंदील सोडल्याबिगर मी तुला उतरू द्यायची नाय."

काका म्हंजी माझा चुलत दीर. इहिरी खणण्यात आन् गाळ काढण्यात त्याची जिंदगी गेली. माझ्याच वयाचा, पण अंग अजून सुतळीवाणी पिळाचं. त्याच्या हाताखाली एक बी माणूस दगावला नाय, आन् ते तो भेटंल त्याला सांगायचा. सकाळीच आला. एका हातात कंदील, खांद्यावर सोल, म्हंजी इहिरीचा जाड दोर, कानावर बिडी.

"जय भीम, वैनी! काय म्हणतंय तुमचं पोट?"

मी म्हणलं, "आंबलंय."

"आंबणारच. पोराला लाडानं मोसंबी खाऊ घातली."

लेकानं मान खाली घातली. मंग दोघांनी हौदाच्या फरश्या सारल्या आन् बादल्यांनी काला उपसाया घेतला. दीर भरायचा, लेक वढायचा, मी आन् सून बांधापलीकडच्या खड्ड्यात नेऊन वतायचो. काला खाली खाली गेला. आन् मंग ते भोक उघडं पडलं. घुमटातून असा आवाज आला, जसा म्हशीनं ढेकर दिला. आन् सडक्या अंड्याचा वास. मी नाकाला पदर लावला. ते भोक काळं व्हतं. आत काय बी दिसंना. मला तळाला पाठ टेकून बसलेला भाऊ दिसला.

लेक पँट वर दुमडाया लागला.

"थांब," दीर म्हणला. "आधी त्याला जाऊ दे." आन् त्यानं कंदील घेतला.

काच वर केली, काडी वढली, वात लागली. मला बरं वाटलं, खरं सांगते. म्हणलं, आता समजंल. विझला तर लेक उतरत नाय, नाय विझला तर हवा हाय. कंदिलाच्या कडीत दोर बांधला आन् दीर हौदाकडं निघाला.

सून खड्ड्याकडून रिकामी बादली घेऊन येत व्हती. तिनं बघितलं आन् बादली टाकली.

"काका, हे काय करताव?"

"हवा बघतो, सूनबाई."

"कंदील सोडून? त्याच्यात?"

"मंग काय टॉर्च सोडू? टॉर्च विझत नसती."

"काका, आत चुलीतला गॅस हाय."

लेक म्हणला, "अगं, गॅस संपलाय. चूल कुठं पेटती?"

"तुमी आत जाऊन बघितलंय का संपलाय ते? थोडा राहिला आसंल तर? माझ्या भिवया एवढुशा गॅसनं गेल्या. इथं तर पुरा घुमट हाय, आन् तुमी तिघं त्याच्यावर उभे!"

दीर हसला. "वैनी, तुमची सून भिवया गेल्यापासून भित्री झाली बघा. आगं पोरी, मी तुझ्या बापाच्या लग्नाआधीपासून कंदील सोडतोय."

"इहिरीत सोडत असताल. इहिरीवर भाकरी भाजती का कुणी?"

दीर तिचं ऐकाया थांबला नाय. मोठं माणूस, त्याला सुनेनं शिकवायचं म्हंजी कसं व्हणार? तो गुडघ्यावर बसला आन् कंदील हौदाच्या काठावर धरला. लेक माझ्याकडं बघाया लागला. सून बी माझ्याकडंच बघत व्हती.

कंदील नाय सोडला तर लेक तसाच उतरंल, भावासारखा बसंल. कंदील सोडला आन् सुनेचं खरं निघालं तर भप्प. ते घरातलं भप्प नाय, जमिनीखालचं. ज्या कंदिलावर मी जल्मभर भरोसा ठिवला तोच माझ्या पोराच्या पायाशी जळत व्हता. आमच्यात नवस बोलत नाय, ते सगळं सोडलंय. नाय तर निदान नवस बोलले असते, तेवढं भ्या कुणाच्या तरी डोक्यावर घातलं असतं. इथं भ्या व्हतं तिथंच राहिलं.

मी गेले आन् कंदील धरला. काच तापली व्हती, बोटं भाजली. तसाच दूर गोठ्यापर्यंत नेला आन् फुंकर घालून विझवला. पेटता दिवा बाईमाणसानं विझवू नये म्हणायची माझी माय. आमी ते मानत नाय.

दीर उठून उभा राहिला. तोंड असं झालं, जसं मी त्याच्या थोबाडीत दिली.

"वैनी, तुमीच बोलावलं मला. कंदील घेऊन या म्हणलात."

"व्हय, भाऊजी. म्हणले."

"तुमच्या भावाचं ठाऊक हाय म्हणून मी आलो."

"मला बी ठाऊक हाय," मी म्हणलं. "बसा. चहा घ्या."

चहा धुरावर करावा लागला. मंग लेकानं मिस्त्रीला फोन लावला, आवाज मोठा करून म्होरं ठिवला. कंदिलाचं सांगितलं तर मिस्त्री तिकडून वरडलाच, "कंदील? येड लागलं का तुमाला? तिथं काडी बी वढू नका, बिडी बी नाय! चार माणसं उडाली असती!"

लेक म्हणला, "पण गॅस तर पेटत नाय ना?"

"चुलीत पेटत नाय म्हंजी आत काय हाय ते मला बी सांगता येत नाय, तुला बी नाय. पेटणारा आसंल, नाय तर जीव घेणारा आसंल, नाय तर दोन्ही. उतरू नको म्हणलं ना!"

दीरानं कानावरली बिडी काढली, खिशात घातली आन् खिशाला वरून हात लावून बघितला.

मंग हवा कशी बघायची? इचार करता करता सूनच म्हणली, कोंबडी सोडू. तिची एक तलंग व्हती, म्हंजी नुकतीच अंड्याला आलेली कोंबडी. तिनंच ती डालग्यात घातली, वरून फडकं बांधलं. लेकानं डालगं लांब वेळूच्या टोकाला बांधलं आन् हौदातून त्या भोकात सारलं. कोंबडी आधी वरडली. पंख आपटले. मंग गप झाली.

"अंधार पडला का कोंबडी गपच बसती," दीर म्हणला. पण आवाज त्याचा मोठा नव्हता.

वेळू बाहेर वढला. फडकं सोडलं. तलंगेची मान एका अंगाला लोंबत व्हती.

लेक हौदाच्या काठावर बसला. दुमडलेली पँट त्यानं हळूच खाली केली. सुनेनं कोंबडी मांडीवर घेतली, पिसं सारखी केली. "कालच अंडं घातलं व्हतं तिनं," म्हणली.

दीराला गप बसवत नाय. म्हणला, "कंदील बी विझलाच असता. मी म्हणत व्हतो तेच."

"विझला असता का भडकला असता, काका?"

ते आजवर बी कुणाला ठाऊक नाय. ती कोंबडी कुणी खाल्ली नाय. मोसंबीच्या बुडाला पुरली.

मंग घुमटात वारा घालायचं ठरलं. मळ्यात धान्य उपणायचा जुना पंखा व्हता, हातानं फिरवायचा. मोटारीचा पंखा सुनेनं बिलकुल लावू दिला नाय, म्हणली ठिणगी पडती. तो हातपंखा हौदाशी मांडला आन् म्होरं पत्र्याची जुनी पिपं तळ काढून नळीसारखी भोकापर्यंत लावली. पाळीपाळीनं फिरवला. रोज सकाळपासून ऊन कलंपर्यंत. शेण वतायचं टाकं बी उघडं टाकलं, म्हंजी आतली हवा तिकडून निघून जाईल.

त्या दिसांत मी हौदाशीच बसले. जेवण तिथं, तूर निवडायची तिथं. लेकाची सुट्टी संपत आलती आन् तो त्या भोकाकडं सारखा बघायचा. त्याच्या बापाची सवय, काम अर्धं राहिलं का अन्न गोड लागायचं नाय. मी गोठ्यात धार काढाया गेले आन् हा झटकन उतरला तर? म्हणून मी धार बी सुनेला काढाया लावली.

सून म्हणायची, "आत्या, उठा, पाठ दुखंल."

"दुखू दे."

लेक म्हणायचा, "माय, मी काय लहान हाय का?"

"तुझा मामा बी लहान नव्हता."

मंग दीर त्याचा सोताचा कोंबडा घेऊन आला. मोठा, लाल तुऱ्याचा. म्हणला, "तुमची तलंग गेली, आता माझा जाऊ द्या." तो दुसऱ्या डालग्यात आत सारला. आन् लई येळ ठिवला, तलंगेपेक्षा लई जास्त. बाहेर काढला तर कोंबड्यानं मान झटकली आन् दीराच्याच हाताला चोच मारली.

"मालकावर गेलाय," सून म्हणली. पहिल्यांदा हसलो सगळे.

मी म्हणलं, आता तरी मिस्त्रीची वाट बघू. लेक म्हणला, कोंबडा जगला तर माणूस जगतो. मी म्हणलं, कोंबडा काम करत नाय, श्वास कमी घेतो. तो म्हणला, तळाला थोडाच गाळ हाय, तेवढा काढून येतो, उद्या ड्यूटी हाय. आन् दीर म्हणला, "वैनी, आता जाऊ द्या. पण माझ्या कायद्यानं."

दीराचा कायदा असा. दोर कंबरेला नाय, काखेतून घ्यायचा आन् गाठ पाठीवर. दोराला दोन माणसं. तोंडाशी एक माणूस बसून सारखं इचारणार, "हाय का?" खालच्यानं दर खेपंला म्हणायचं, "हाय." जाब आला नाय का वढायचं. परत इचारायचं नाय, वाकून बघायचं नाय.

"आन् कुणी त्याला काढाया आत उतरायचं नाय," तो म्हणला. "सूनबाई, तू बी नाय. हात जोडून सांगतो. दुसरा उतरलेला माणूस वर येत नसतो."

मला ते ठाऊक व्हतं. दीरानं म्हणूनच माझ्याकडं बघितलं नाय.

लेक तोंडाला ओलं फडकं बांधून उतरला. दीरानं दोर धरला, त्याच्यामागं मी. सून हौदाच्या काठावर पालथी. लेक वाकला, आधी डोकं भोकात गेलं, मंग पाठ, मंग पाय. दोर माझ्या हातातून सरत गेला.

"हाय का?"

"हाय."

आवाज असा यायचा, जसा रांजणातून कुणी बोलतंय. बादली भरली का तो भोकापाशी आणायचा, सून आकड्यानं वर वढायची. गाळ, खडे, मोसंबीच्या बिया. बियाच बिया, पांढऱ्या.

"हाय का?"

"हाय. घाम लई येतोय."

"बोलू नका, निस्तं हाय म्हणा."

"हाय, बाईसाहेब."

मी दोर बघत व्हते, भोक बघत नव्हते. मनात काय बी नव्हतं. लोक म्हणत्यात भ्यालं का इचार येत्यात, मला येत नव्हते. निस्तं "हाय" ऐकायचं आन् पुढल्या "हाय"ची वाट बघायची.

"हाय का?"

काय नाय.

सुनेनं परत तोंड उघडलं, पण दीर कुणासाठी थांबला नाय. "वढा!" म्हणला आन् दोघांनी वढलं. मी पाय मातीत रोवले. दोर ताणला, मंग काहीतरी जड सरकलं, आपटलं, परत सरकलं. माझे हात सोलले. भोकातून त्याचं डोकं आलं, कपाळ रक्तानं भरलेलं, मंग खांदे. सुनेनं काखेत हात घालून वर घेतला. फरशीवर पडला आन् खोकला.

"काय करताव तुमी!" तो वरडला. "फडकं सुटलं व्हतं, दातात धरून गाठ मारत व्हतो! डोकं फोडलं माझं!"

दीर धापा टाकत म्हणला, "मंग दात उघडायचे ना, भाड्या!"

लेक उठाया गेला. गुडघ्यावर आला आन् तसाच खाली बसला. तोंड राखेसारखं झालं. बाजूला वळून वांती केली. सून पाणी घेऊन धावली, तर तांब्या त्याच्या हातानं धरवंना. लई येळ तो फरशीवर पालथा पडून राहिला, मी त्याच्या पाठीवर हात ठिवून बसले. पाठ वर-खाली व्हत व्हती. मी तेवढंच बघत व्हते.

तो आजवर म्हणतो, मी गाठच मारत व्हतो. सून म्हणती, फडकं सुटलंच नव्हतं, तोंडावर जसंच्या तसं व्हतं. मला काय दिसलं नाय, मी दोर बघत व्हते.

राहिलेला गाळ तसाच राहिला. दवाखान्यात कपाळाला टाके पडले, ड्यूटी एक दिस बुडाली. मिस्त्री आला, शिव्या घातल्या, आन् म्हणला एवढा गाळ राहिला तर राहू द्या. ताजं शेण कालवून वतलं, शेजारच्या मळ्यातल्या चालू टाकीचा काला इरजणासारखा घातला. भोक परत काल्याखाली गेलं. फरश्या बसवल्या त्या दिशी मला पहिल्यांदा नीट झोप लागली.

गॅस परत आला, पण याया लई दिस लागले. मोसंबीची गळ आता पुन्हा खड्ड्यात जाती. लेक म्हणतो, थोडी थोडी शेणात मिसळली तर चालती, मिस्त्रीनं सांगितलंय. चालत आसंल. मी पाटी त्याच्या हातातून काढून घेते. तो कपाळावरल्या वणाला हात लावतो आन् जातो.

दीर कव्हा कव्हा येतो, चहा पितो. कंदील त्यानं त्या दिसापासून नेला नाय. गोठ्यात खुंटीला हाय, वीज गेली का मी लावते. त्यानं मागितला नाय आन् मी दिला नाय.

सकाळी सून चूल पेटवाया आत जाती तव्हा मी अजून बी आंगणातच उभी राहते. काडी वढल्याचा आवाज येतो. मी बाहेरून इचारते, "हाय का?"

"हाय, आत्या."

मंग मी आत जाते.